बाल्कनीत भाज्या आणि फुलं: सुरुवात कुठून करावी?

हिरवी_खिडकी | २२ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला सातव्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलोय. बाल्कनी साधारण आठ फूट बाय चार फूट. वर पुढच्या मजल्याचा स्लॅब, कठड्याला ग्रिल. आतापर्यंत चाळीत होतो, तिथे एका तुळशीपलीकडे काही ठेवायला जागा नव्हती. आता जागा मिळालीय तर भाजी आणि फुलं दोन्ही लावायची मनापासून इच्छा आहे. मनात टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर आहे. सासूबाईंना मोगरा हवाय आणि लेकीला गुलाब.

काल नर्सरीत गेले तर त्यांनी खतं, स्टँड, रंगीत दगड अशी लांबलचक यादीच सांगितली. इतकं सगळं खरंच लागतं का? माती कोणती घ्यावी, कुंड्या किती मोठ्या, आणि मुख्य म्हणजे आत्ता पावसात सुरू करावं की थांबावं? जाणकारांनी कृपया सांगा. मला यातलं काहीच येत नाही असं समजूनच लिहा.

गिरगावची | २२ ऑगस्ट

रंगीत दगड अजिबात घेऊ नका. तुमच्या बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी सांगा, बाकी सगळं त्यावर ठरेल.

हिरवी_खिडकी | २२ ऑगस्ट

पूर्व आणि आग्नेयेच्या मधे. मोबाइलच्या होकायंत्रात बघितलं. समोर थोड्या अंतरावर टॉवर आहे. सध्या ढगच असतात, त्यामुळे ऊन किती ते कळत नाही.

वनस्पतीवाला | २३ ऑगस्ट

गिरगावची यांनी नेमका प्रश्न विचारला. नवीन माणूस माती-खताच्या मागे लागतो, पण बाल्कनीत झाड जगतं की मरतं ते बहुतेक वेळा उन्हावर ठरतं. माती बदलता येते, खत घालता येतं, समोरचा टॉवर हलवता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत, वर स्लॅब असेल तर, भर मे महिन्यातही थेट ऊन पडत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४७-४८ अंशांवर असतो, आणि तेच ऊन तिरपं होऊन पार हॉलच्या लादीपर्यंत येतं. उत्तरेच्या बाल्कनीचं बरोबर उलटं. तिला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं आणि हिवाळ्यात काहीच नाही. पश्चिमेला दुपारनंतरचं कडक ऊन, शिवाय जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा.

तुमची दिशा चांगली आहे. सकाळचं ऊन झाडांना मानवतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो, म्हणजे तुमच्या अगदी समोर. टॉवर किती वेळ आड येतो एवढंच बघायचं. ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी आठ, दहा, बारा आणि दोन वाजता बाल्कनीत जमिनीजवळ हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ते थेट ऊन. सावली पुसट असेल तर तो नुसता उजेड. ठरावीक जागी थेट ऊन किती तास मिळतं ते खडूनं लादीवरच लिहून ठेवा.

सहा तास किंवा जास्त असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, गुलाब, मोगरा. तीन-चार तास असेल तर पालक, मेथी, लाल माठ, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू, पानांचा ओवा. फळभाजी अर्धवट उन्हात मरत नाही. ती नुसती उंच वाढते, पानं देते आणि फळ धरत नाही, मग लोक खत वाढवत बसतात. हे फार बघितलंय.

शेवगा | २३ ऑगस्ट

वा, वनस्पतीवाला! खडूची कल्पना मस्त.

मातीत_हात | २३ ऑगस्ट

माती. मुंबईच्या नर्सरीत बहुतेक लाल माती मिळते. नुसती तीच कुंडीत भरली की दोन-तीन महिन्यांत घट्ट बसते, पाणी कडेनं वाहून खालून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. एवढंच. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर अजून कुजलेलं नाही, मुळं जाळेल. ओल्या मातीसारखा वास हवा.

कोकोपीटची पाच किलोची वीट बादलीत भिजवली की फुगून घरभर होते, म्हणून थोडी थोडी भिजवा. पहिलं पाणी ओतून द्या, त्यात क्षार असतात.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी पद्धत आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी मातीच्या थराच्या शेवटाशी अडून राहतं, आणि खडीमुळे तो शेवट उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा, माती वाहून जाऊ नये इतपत.

अठरावा_मजला | २३ ऑगस्ट

वजनाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. बारा इंची कुंडीत पंधरा लिटर धरली तर एक कुंडी वीस किलोच्या वर गेली. अशा वीस कुंड्या आणि वर लोखंडी स्टँड, करा हिशोब. बाल्कनी ही भिंतीतून बाहेर काढलेली असते, म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीलगत आणि हलक्या कठड्याकडे. ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यावर कुंडी नको, कितीही घट्ट बांधली तरी नको. खाली मुलं खेळतात.

जुन्या इमारती असतील तर सोसायटीत आधी विचारा. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच इमारतींना खिडकीबाहेर फ्लॉवर बेड असायचे. पुढे लोकांनी ते खोलीत घेतले. तिथे मूळ रचना काय होती ते नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही.

हलकं भरायचं असेल तर मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके उत्तम. दोन-तीनदा भरपूर पाण्यानं धुवा म्हणजे मीठ आणि वास जातो, तळाला भोकं पाडा. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते.

मातीत_हात | २३ ऑगस्ट

@अठरावा_मजला, बरोबर. वजनावर अजून एक उपाय म्हणजे उसाची चिपाडं. रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात. उन्हात वाळवून बोटाएवढे तुकडे करायचे, कुंडीचा खालचा अर्धा भाग त्यांनी भरायचा आणि वर माती-खत. चिपाडं कुजत जातात तशी माती खाली बसते, मग वरून पुन्हा खत घालायचं. हे काही माझं डोकं नाही. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत गच्चीवर चिपाडांतच भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली होती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारानंही थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यावर पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. कॅन्टीनचा कचरा तिथंच जिरला. या शहरात हे होत नाही असं कोणी म्हणालं की मी ही उदाहरणं देते.

शेवगा | २४ ऑगस्ट

मी थोडं वेगळं मत मांडतो. सेंद्रिय करायचंच, पण हट्ट नको. कुंडीत माती मूठभर, रोज पाणी घातलं की त्यातली अन्नद्रव्यं धुऊन जातात. मी फुलझाडांना महिन्यातून एकदा आरसीएफ कंपनीचं सुफला १५:१५:१५ हे रासायनिक खत देतो, बारा इंची कुंडीला अर्धा छोटा चमचा, खोडापासून लांब, ओल्या मातीत. जास्वंद त्यावर भरभरून फुलते.

मातीत_हात | २४ ऑगस्ट

फुलझाडांना द्या, माझी हरकत नाही. पण नवीन माणसाच्या हातात रासायनिक खत आलं की अर्ध्या चमच्याचे दोन चमचे व्हायला वेळ लागत नाही, आणि कुंडीतून ते निघत नाही. पानांच्या कडा जळतात. गांडूळखत जास्त पडलं तरी झाड मरत नाही. म्हणून पहिलं वर्ष फक्त तेच, असं माझं ठाम मत आहे.

शेवगा | २४ ऑगस्ट

पहिल्या वर्षापुरतं मान्य.

गिरगावची | २४ ऑगस्ट

आता "पावसात काय लावू" याचं उत्तर. टोमॅटो आत्ता कुंडीत नको, पण बी मात्र सप्टेंबरात ट्रेमध्ये किंवा कागदी कपात टाका. नवरात्रापर्यंत रोपं तयार होतात, आणि मुंबईतला भाजीचा खरा हंगाम तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत. मिरची-वांग्याचंही तेच.

तोवर हात रिकामे ठेवू नका. बाजारातून अळूचा कांदा आणा, पसरट कुंडीत पुरा, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात त्याला काही लागत नाही. लाल माठ आणि मायाळू याच दिवसांत सुरेख येतात. मायाळूची जाड देठं कुंडीत खोचली तरी फुटतात, ग्रिलवर चढवा. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही. पुढच्या वर्षी तुमच्या सासूबाईंना अळू आणि माठ घरच्या कुंडीतलाच देता येईल, नांगराचा प्रश्नच नाही. पसरट ट्रेमध्ये दूर्वाही लावा, थोडं ऊन मिळालं की पसरतात.

मेथी तर आजच सुरू करा. स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवा, खोक्यात वाळूमिश्रित माती पसरा, त्यावर दाटीनं पेरा आणि पातळ थर घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. आपल्याकडे समुद्रकाठच्या वाळूत वाढवलेली इवलीशी समुद्रमेथी जुड्यांनी मिळते ना, तशीच वितभर व्हायच्या आत मुळासकट उपटून खायची. पहिल्यांदा लावणाऱ्याला एवढ्या लवकर ताटात पडणारं दुसरं काही नाही. कोथिंबिरीला धणे हलके रगडून दोन फाका करा, आणि आठ-दहा दिवस वाट बघायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, तेव्हा ती थंडीतच.

झेंडूचं बी आत्ता टाका, दिवाळीला फुलं.

हिरवी_खिडकी | २५ ऑगस्ट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मेथी पेरली. अळूचा कांदा उद्या आणते. सध्या फक्त दोन खोके आणि तीन कुंड्या, बाकी ऊन मोजून झाल्यावर. एक अडचण: खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधीच सांगून ठेवलंय की पाणी गळून त्यांच्या कपड्यांवर यायला नको. म्हणून प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवतेय. ठीक ना?

चाफेकळी | २५ ऑगस्ट

ताटली ठेवा, पण त्यात पाणी साचू देऊ नका! डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक पावसाळ्यात घरी येऊन कुंडीखालच्या ताटल्या तपासतात, अळ्या सापडल्या तर नोटीस येते. मी दर रविवारी ताटल्या रिकाम्या करून घासून पुसते. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

पाणी घालताना थोडं घाला, मिनिटभर थांबा, मग पुन्हा घाला. माती शोषून घेते आणि गळतच नाही. काकूंना पहिली मेथीची जुडी नेऊन द्या.

वनस्पतीवाला | २५ ऑगस्ट

पाण्याबद्दल: बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. तुमच्या वर स्लॅब आहे, तेव्हा बाहेर धो धो पाऊस असला तरी आतल्या कुंड्यांपर्यंत तो पोचत नाही. जुलैत झाडं पाण्याविना सुकलेली मी मुंबईत कितीतरी घरांत बघितली आहेत. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीचं पाणी वापरा. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते निम्मं साधं पाणी मिसळून आणि कधीतरीच.

दादरकर | २६ ऑगस्ट

कबुतरांचं काय केलंत? मेथीचे कोंब दिसले की ती हजर होतात. कुंडीत बसून अंडीही घालतात.

अठरावा_मजला | २६ ऑगस्ट

नायलॉनची जाळी हा एकच पक्का उपाय. ती होईपर्यंत कुंडीत बांबूच्या बारीक काड्या उभ्या खोचा, चार-चार बोटांच्या अंतरानं. बसायला जागा मिळाली नाही की ती दुसरीकडे जातात. वाळलेली विष्ठा झाडूनं झाडू नका, ती धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा आजार होतो. पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा. ती खत म्हणून कुंडीत टाका असं सांगणारे भेटतात, ऐकू नका.

हिरवी_खिडकी | १४ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. ऊन मोजलं: कठड्याजवळ सव्वापाच तास, आत भिंतीपाशी जेमतेम दोन. त्याप्रमाणे कुंड्या लावल्या. मेथी तीनदा झाली, माठ झाला, झेंडूचं तोरण दिवाळीला दाराला लागलं. काकूंनी आता त्यांच्यासाठीही मेथी पेरून मागितलीय.

दोन प्रश्न. टोमॅटोला फुलं आली, पण देठापासून गळून पडताहेत. आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा चिकट थर आलाय, मुंग्याही खूप फिरतात.

शेवगा | १४ नोव्हेंबर

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन ठेवतात. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. बाकी ठिकाणी पाण्याची जोरदार धार मारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून फवारा. संध्याकाळी, पानांच्या खालूनसुद्धा. आठवड्यानं परत. कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

वनस्पतीवाला | १५ नोव्हेंबर

टोमॅटोची फुलगळ दोन कारणांनी होते. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की फळधारणा कमी होते, आणि मुंबईत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे चालतं. थंडी पडली की आपोआप सुधारेल, नत्राचं, म्हणजे पानं वाढवणारं, खत वाढवू नका.

दुसरं कारण परागीभवन. टोमॅटोचं फूल जवळून बघा: मधे पिवळी निमुळती नळी दिसते, ती परागकोशांची. पराग आत कोंडलेला असतो आणि फूल थरथरलं की टोकाकडून सांडतो. रानात काही मधमाश्या फुलाला लटकून पंखांच्या स्नायूंनी गुणगुणतात आणि तो झाडतात. आपल्या साध्या मधमाशीला ते जमत नाही. सातव्या मजल्यावर ते काम तुम्ही करा. सकाळी दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, फुलांच्या घोसामागच्या देठावर बोटानं टिचक्या मारा. बॅटरीचा टूथब्रश असेल तर त्याची मागची बाजू दोन-तीन सेकंद देठाला टेकवा. काळ्या कागदावर फूल धरून हे केलंत तर पिवळसर भुकटी पडलेली दिसते, लेकीला जरूर दाखवा.

पुढे वेल लावलेत तर पद्धत वेगळी. काकडी, दोडका, कारलं यांना नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. काकडीचं सकाळी करा, दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्याची फुलं दिवस कलताना उमलतात.

हिरवी_खिडकी | १९ डिसेंबर

टोमॅटो धरले!! सहा हिरवे आहेत. मिरचीची पानं मात्र वरच्या बाजूला वळून बारीक होताहेत.

गिरगावची | १९ डिसेंबर

अभिनंदन गं! मिरचीला बोकड्या झालाय. फुलकिडे, कोळी नावाची बारीक कीड, पांढरी माशी यांच्यामुळे होतो. पानांच्या खाली बघ, आत्ताच सुरुवात असेल तर शेंडे खुड आणि कडुलिंबाचं तेल दर आठवड्याला फवार. सगळं झाड आक्रसलं असेल तर उपटून टाक, त्याच्यापायी टोमॅटो घालवू नकोस.

आणि सासूबाईंचा मोगरा आणला असशील तर आता त्याचं पाणी कमी कर. जानेवारीत एक-तृतीयांश छाट, जुनी पानं खुडून टाक, वरची माती मोकळी करून दोन मुठी शेणखत घाल आणि मग पाणी सुरू कर. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं. कठड्याजवळच्या सव्वापाच तासांच्या जागेतून टोमॅटो हलले की तिथे मोगरा ठेव, मार्चपासून कळ्या दिसतील.

गुलाबाचं म्हणशील तर आधी राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन हिवाळ्यात भरतं, तिथे लेकीला घेऊन जा. प्रत्यक्ष जाती बघ, मुंबईच्या दमट हवेत कुठला गुलाब टिकतो ते तिथल्या माळ्यांना विचार, आणि मग एकच आण.